बरकतीची मूठ

आमच्या घरात रांजण कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, असा नियम होता. पेरणीला तुरीचं बी काढलं, शेवटची पायली बाहेर आली, तरी तळाशी एक मूठ तूर ठेवायचीच. तिला बरकतीची मूठ म्हणायचे. नवं पीक घरात आलं की त्या जुन्या मुठीतली चिमूट चिमूट तूर बाकीच्या मडक्यांत टाकायची, उरलेली रांजणाच्या तळाशी तशीच राहू द्यायची आणि तिच्यावर नवी तूर ओतायची. म्हणजे बरकत घरभर सारखी राहते. ही मूठ टाकायचा मान माझ्या मोठीमायचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या बायकोचा. चुलते लवकर गेले होते, पण घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तिच्यापुढं आवाज चढवत नसत आणि माझी माय पदर सावरल्याशिवाय तिच्यासमोर उभी राहत नसे. मी आज वडवणीत डाळीचं दुकान चालवते. भल्याभल्या अडत्यांना मी बाजारात घाम फोडलेला आहे. पण त्या मुठीनं मला जसं फसवलं तसं पुढं कुणाला जमलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर. घाट चढणारी एसटी आमच्या अंगणातून दिसायची नाही, पण तिचं कण्हणं ऐकू यायचं, आणि त्या आवाजावरून माय सांगायची की आज गाडी भरून आली की रिकामी. जमीन हलकी, मुरमाड, पण तुरीला मानवणारी. मार्गशीर्षात शेंगा भरल्या की आमचं खाणं दोन महिने तुरीवरच चाले. ओल्या शेंगा मीठ घालून मडक्यात उकडायच्या आणि परातीभोवती बसून ओठांनी दाणे ओढत खायच्या. सोले वाटून येसराचा मसाला टाकून केलेली आमटी, तिच्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर कच्चा कांदा. घरात सकाळी जात्याचा आवाज, दुपारी सुपाचा. मोठीमाय सूप धरायची तेव्हा तिच्या बांगड्या आणि तुरीचे दाणे एका तालात वाजत. मी तिच्याजवळ बसून खडे वेचायची आणि ती वेचलेली तूर पुन्हा एकदा वेचायची. ‘कवशे, डोळे कपाळाला हायत का टाळूला?’ एवढंच म्हणायची. तिच्या तुरीचं नाव आसपासच्या वाड्यांवर होतं. पेरणीच्या आधी लोक लांबून चालत येऊन आमच्याकडून बी नेत. आता बियाणं रंग चोळून पिशवीत येतं आणि माझी सून घरची डाळ पत्र्याच्या डब्यात गोळ्या टाकून ठेवते. त्या काळी राख, ऊन आणि मोठीमायचा हात एवढ्यावरच सगळा भरवसा होता.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी मी सातवीत होते. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर धारूरला, मावशीकडं राहून. अण्णा हो म्हणाले होते. मोठीमाय हो म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती, आणि आमच्या घरात तिचं नाही न म्हणणं पुष्कळ असायचं. मावशीनं माझ्यासाठी खोलीतला एक कोनाडासुद्धा रिकामा करून ठेवला होता. तो कोनाडा मी पाहिलेला होता. त्यात पुस्तकं कुठं ठेवायची, आरसा कुठं आणि माझी काडेपेटी कुठं, हे मी मनात पक्कं केलं होतं.

त्या काडेपेटीचं सांगायला हवं. भादव्यात आमच्या माळावरच्या बाभळींवर सोनपाखरं यायची. पाठ हिरवी झळाळती, जणू लग्नातल्या चोळीचं कापड. आम्ही पोरं ती पकडून काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो. कुणाचं पाखरू जास्त दिवस जगतं यावर भांडणं व्हायची. माझ्या पाखरानं त्या वर्षी अंडी घातली. तांदळाच्या कणीसारखी, फिकट पिवळी. मी शाळेत सगळ्यांना दाखवून आले आणि बदल्यात दोन पेरू मिळवले. माझी समजूत अशी की कोंबडीच्या अंड्यातून जसं पिल्लू निघतं तसं यातून नखाएवढं हिरवं सोनपाखरू निघणार. काहीच निघालं नाही. अंडी सुकून गेली. पाखरूही पाय वर करून मेलं. पण पाखराचं अंडं कसं चिकटलेलं असतं, कसं दिसतं, हे माझ्या डोळ्यांत बसलं ते बसलं.

पौषात तूर घरात आली. कोठीच्या खोलीत भरणीचा दिवस म्हणजे आमच्याकडं सणच. चाळलेली राख, तुरीचे ढीग, शेणमातीचा ओला वास. त्या वर्षी मोठीमायच्या अंगठ्याला विळा लागला होता, म्हणून तिनं रांजण तेवढा स्वतः भरला आणि पुढची तीन मडकी मला भरायला दिली. माझ्या आधी घरातल्या कुठल्या पोरीला तो मान मिळाला नव्हता. तिनं प्रत्येक मडक्यात बरकतीची चिमूट टाकली, मी राख कालवलेली तूर भरली, झाकणी ठेवली, शेणमातीनं तोंड लिंपलं. ज्यानं लिंपलं त्यानं ओल्या लिंपणावर आपला पंजा उठवायचा, ही आमच्या घरची रीत. रांजणावर मोठीमायचा रुंद पंजा, तीन मडक्यांवर माझा. वाळल्यावर ते हात असे दिसत होते की जणू आतून कुणी बाहेर यायला हात लावलाय.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी परसात गेले आणि परकरावर रक्त पाहून थिजले. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, आत काहीतरी फुटलं. मायला सांगितलं तर तिच्या तोंडचा रंग गेला. ती घाबरली ती माझ्यासाठी नाही, हे मला तेव्हाही कळलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘सकाळपासून व्हय? का आत्ता?’ मला काय ठाऊक! मी म्हटलं, ‘म्हाईत न्हाई.’ ती कोठीच्या खोलीकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘आज कुनाला बोलू नकू. उद्या सांगू.’ दुसऱ्या दिवशी तिनं मोठीमायला सांगितलं आणि मला गोठ्याशेजारच्या पडवीत बाजूला बसवलं. मोठीमायनं मनातल्या मनात एक दिवस मागं मोजला असणार, पण तोंड मिटून ठेवलं.

उन्हाळा गेला. सातवीचा निकाल लागला. मृगाच्या आधी बी उघडायचं म्हणून अण्णांनी माझ्या तीन मडक्यांपैकी पहिलं अंगणात आणलं आणि लिंपण खरवडलं. झाकणी उचलताच उबट हवा तोंडावर आली. मी जवळच उभी होते. उन्हाळ्यात मडक्यातलं धान्य गार लागायला हवं, आणि हे तापलेल्या अंगासारखं गरम. मग मडक्याच्या काठावरून तपकिरी किड्यांची रांग बाहेर आली. लहान, गोलसर, पाठीमागून तोकडे कापल्यासारखे. थांबेनातच. अण्णांनी हात आत घातला आणि तो कोपरापर्यंत किड्यांनी माखून बाहेर आला. तूर होती, पण प्रत्येक दाण्याला गोल भोक. सुपात घेतली तर सालपटासारखी उडून गेली. दुसरं मडकं फोडलं, तेच. तिसरं, तेच. कोंबड्या धावत आल्या आणि टिपायला लागल्या. माय तोंडाला पदर लावून उभी. मोठीमायनं खाली पडलेला लिंपणाचा तुकडा उचलला. त्यावर माझी चार बोटं होती. ती कुणाकडं न बघता म्हणाली, ‘भरनीच्याच दिशी इटाळ आला व्हता न्हवं हिला?’

बस, एवढंच. पण तेवढ्यात सगळं झालं. अण्णांनी मायकडं पाहिलं, मायनं जमिनीकडं. विटाळाचा हात बियाणाला लागला, म्हणून बी किडलं, आणि मायनं ते एक दिवस लपवलं, म्हणून ती माझ्याहून मोठी अपराधी. संध्याकाळी जेवताना मोठीमाय अण्णांना म्हणाली, ‘भावजी, जिच्या हाताला बरकत न्हाई ती धारूरला जाऊन काय उजेड पाडनार? राहू द्या घरात, नजरंखाली.’ अण्णा भाकरी मोडत म्हणाले, ‘तुमी म्हनताल तसं.’ मला कोठीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. माझा कोनाडा गेला. मी ताटावरून उठले आणि तांब्या भिंतीवर फेकला. माझा तापट स्वभाव त्या दिवशी घरानं पहिल्यांदा पाहिला. त्याचाही दोष विटाळालाच दिला गेला.

रागानं मला झोप येत नाही, पण डोकं चालतं. कोंबड्यांनी टिपून उरलेल्या तुरीत काही दाणे अजून अख्खे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यातली मूठभर उचलली. लाल तुरीवर बारीक पांढरे ठिपके होते. कुणाला वाटलं असतं राख आहे. मी नखानं खरवडून पाहिलं, सुटेना. डिंकानं चिकटवल्यासारखं. सोनपाखराची अंडी माझ्या डोळ्यांपुढं आली. आकार सुईच्या टोकाएवढा, पण जात तीच. मग मी विळीवर एक दाणा चिरला, वरून धडधाकट, कुठं भोक नसलेला. आत डाळ नव्हतीच. आत पांढरी, वळलेली, जाड अळी होती आणि ती हलली. मी विळी सोडून मागं सरकले. दुसरा चिरला, त्यात मेणाच्या रंगाचं काहीतरी पाय पोटाशी घेऊन गप्प पडलेलं, डोळे मात्र काळे. तिसऱ्यात तयार तपकिरी भुंगा, बाहेर यायच्या बेतात. एकाच जिवाच्या तीन तऱ्हा माझ्या समोर विळीवर पडल्या होत्या. पाखराचं पिल्लू पाखरासारखं नसतंच, हे मला तिथं कळलं. सोनपाखराच्या अंड्यांतून मी नसलेली वस्तू निघायची वाट बघत बसले होते. आणि आत जायचं भोक? ते कुठंच नव्हतं. खूप वेळ उलटसुलट केल्यावर ध्यानात आलं की अळी अंड्याच्या बुडातूनच सरळ दाण्यात उतरते. वर पांढरं टोपण तसंच राहतं. चोर आत आणि दाराला कुलूप शाबूत.

उरलेले अख्खे दाणे मी फडक्यानं पुसून काडेपेटीत ठेवले आणि पेटी पडवीच्या वळचणीला खोचली. रोज उघडून बघायची. काही दाण्यांवर सालीखाली गोल काळसर डाग दिसायला लागला. मग एका सकाळी माझ्या तळहातावर असतानाच एका दाण्याचा तो डाग आतून हलला. कोरल्यासारखी गोल चकती सुटली, वर उचलली गेली आणि भुंग्यानं डोकं बाहेर काढलं. दोन दिवसांत पेटीत आणखी निघाले. मी त्यांना डाळीचा चुरा घातला, पिठाची चिमूट घातली. त्यांनी तोंड लावलं नाही. खाणं नाही, पिणं नाही. बाहेर पडल्या पडल्या जोडीला लागायचे, आणि मादी दाण्यादाण्यावरून फिरत जागा चाचपत एकेक पांढरा ठिपका चिकटवून पुढं जायची. सगळं खाणं लहानपणी, अंधारात, आणि मोठेपण एवढ्याचसाठी. मग आठवड्या-दोन आठवड्यांत मरून जायचं. मला धक्का बसला तो किळसेनं नाही. मोठं होणं म्हणजे काय, हे त्याच वर्षी माझ्या अंगावरही येऊन कोसळलं होतं, आणि त्यावर ज्यांना सगळं ठाऊक होतं ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. नंतर मी ऐकलं की हे भुंगे उडून शेतातल्या शेंगांवरही अंडी घालतात. तेव्हा मला तेवढं माहीत नव्हतं. पण एवढं कळलं की भुंगा राखेतून जन्मत नाही, हाताच्या विटाळातून जन्मत नाही. भुंग्याला आधीचा भुंगा लागतो. आणि आधीच्या भुंग्याला आधीची तूर.

जुनी तूर आमच्या घरात एकाच जागी होती.

भर दुपारी मोठीमाय आणि माय विहिरीवर धुणं धुवायला गेल्या होत्या. मी कोठीच्या खोलीत शिरले. रांजण कोपऱ्यात, वर मोठीमायचा पंजा. मी त्याच्या पोटाला गाल टेकवला. उबदार होता. कान दाबून धरला. आत बारीक कुरकूर चालली होती, वाळल्या पाल्यावरून पुष्कळ मुंग्या जाव्यात तशी. मी बाहेर आले तेव्हा मला हसू येत होतं. ते हसू मी आजही ओळखते. समोरच्याच्या पोत्यात काय आहे हे त्याच्याआधी आपल्याला कळलं की ते ओठांवर येतं, आणि शहाण्या माणसानं ते लपवायचं असतं.

रांजण मोठीमाय पेरणीच्या तोंडावरच उघडायची. ढग जमले त्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीचे सुदामतात्या बी न्यायला आले. मेंढरं राखून राखून उन्हानं काळे झालेले, मोठ्यानं हसणारे, माझे लाडके. आणखी दोघं-तिघं होते. घरची तीन मडकी गेल्याची खबर गावात झाली होतीच, आता सगळ्यांची आशा रांजणावर. मोठीमायनं नारळ आणला. मी पडवीतून उठून अंगणाच्या मधोमध आले.

‘मोठीमाय, रांजन बी किडलाय.’

‘तोंड आवर!’ माय ओरडली.

‘लावा मग पैज,’ मी म्हटलं. ‘चांगला निघाला तर मी शाळेचं नाव जन्मात काढनार न्हाई. घरात ऱ्हाईन, शेन काढीन. किडका निघाला तर मला धारूरला धाडायचं.’

मोठीमायच्या नाकपुड्या फुगल्या. ‘माझा हात हाय त्याच्यावर. माझा!’

सुदामतात्या खो खो हसले. ‘अण्णा, लाव की रं पैज! पोरगी हाय का वाघीन? बाजारात उभी केली तर बैलाचे दात मोजून किंमत पाडंल ही.’

चारचौघांत अण्णांना मागं सरता येईना. त्यांनाही रांजणाची खात्री होती. ते हसले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, ‘कबूल. तात्या, तू साक्षी.’

‘कबूल,’ मीही म्हटलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा.

मोठीमायनं नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि आपल्याच पंज्यावर खुरपं चालवलं. झाकणी निघाली. आधी ती ऊब. मग ते आले. तीन मडक्यांत होते त्याच्या कितीतरी पट. काठावरून, तिच्या हातावरून, बांगड्यांखालून, काही उडाले आणि तात्यांच्या पटक्यावर बसले. नारळाचा तुकडा काळा झाला. अण्णांनी आणि तात्यांनी मिळून रांजण कलता केला, तूर अंगणात ओघळली, भुशासारखी हलकी. सगळ्यात शेवटी तळातून ती मूठ पडली. बरकतीची. ती तूर राहिलीच नव्हती. नुसती टरफलं, प्रत्येकाला दोन-दोन, तीन-तीन भोकं, आणि पिवळट पीठ. मी ती उचलून सगळ्यांपुढं धरली.

‘हे बघा. पाखरं हितून आली. वर्सावर्साला हितंच वाढत गेली. ही चिमूट मडक्यात पडली म्हनून मडकी किडली. माझ्या हातानं न्हाई.’ मग काडेपेटी उघडून दाखवली. ठिपका कुठला, अळी कुठली, भुंगा कुठला, सगळं बोलून टाकलं. माझा आवाज चढला होता, पण रागानं नाही. तो आनंद होता.

मोठीमाय खाली बसली. एकदम म्हातारी दिसली. ती आपल्या तळहाताकडं बघत होती आणि त्यावरून एक भुंगा चालला होता. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं याआधी कधी पाहिलं नव्हतं. मायच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा कोनाडा मला दिसायला लागला.

तेवढ्यात सुदामतात्यांनी पटका झटकत, थट्टेनंच, अगदी मायेनं विचारलं, ‘पर कवशे, रांजन तर बंद व्हता. त्याच्या पोटातलं तुला कसं कळलं गं? डाक्तरीन हायस का?’

आणि मी ऐटीत सांगितलं, ‘कान लावला व्हता तात्या. गाल टेकवला तर रांजन गरम लागला. आत कुरकुरत व्हतं.’

अंगणात काहीतरी बदललं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मोठीमायनं मान वर केली. ‘शिवली,’ ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, ‘शिवली व्हती ही! कोठीत गेलती! बंदी असताना गेलती!’ माझा विश्वास बसेना, पण जमलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर सुटका पसरली. भरल्या पोटी माणूस पट्टा सैल करतो तशी. एक जण म्हणाला, ‘मंग बरूबर.’ दुसऱ्यानं मान डोलावली. किडा, अंडं, टरफल, काडेपेटी, डोळ्यांपुढं पडलेला ढीग, कशाचाही काही उपयोग नव्हता. त्यांना रांजण कसा किडला हे नको होतं. तो कुणामुळं किडला हे हवं होतं, आणि ते मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

मी अण्णांकडं पाहिलं. ‘कबूल’ म्हणालेल्या माणसाकडं. त्यांनी वाकून एक टरफल उचललं आणि बोटांत चुरगळलं. त्यांना पटलं होतं. हे मी आज शपथेवर सांगते, त्यांना पूर्ण पटलं होतं. मग ते म्हणाले, ‘कवशे, जा. गाईला पानी दाव.’

सुदामतात्या गेले ते माझ्याकडं न बघता गेले. मायनं केरसुणी घेतली. मी गाईला पाणी दाखवलं.

धारूरचं नाव पुन्हा निघालं नाही. मोठीमायनं रांजण गोमूत्रानं धुतला, उन्हात वाळवला आणि आपल्या माहेरून तुरीची नवी मूठ आणून तळाशी ठेवली. दोन-तीन वर्षांत तूर पुन्हा किडली. मी तोवर त्या खोलीच्या उंबऱ्यालाही पाय लावला नव्हता. तेव्हा दोष मायला मिळाला. पुढं माझं लग्न होऊन मी वडवणीला आले, आठवडी बाजारात जमिनीवर फडकं टाकून डाळ विकायला बसले, त्या फडक्याचं दुकान झालं. कसं झालं ते निराळं सांगण्यासारखं आहे, पण मला कुणी हात दिला नाही एवढं इथं नोंदवते. मी तुरीत हात घालते, गरम-गार बघते, एक दाणा दाढेखाली फोडते, पोत्याशी वाकल्यासारखं करून कान देते आणि भाव सांगते. समोरचा विचारतो, कशावरून? मी सांगत नाही. त्या अंगणात मी एकच गोष्ट शिकले. आपल्याला काय कळलं ते सांगावं, कसं कळलं ते कधीही सांगू नये.

अण्णा थकल्यावर एकदा स्वतः तूर घेऊन दुकानात आले. मोठीमाय तोवर राहिली नव्हती. लेकीच्या दुकानात चांगला भाव मिळेल, असं त्यांच्या मनात असणार. मी त्यांना चहा दिला, पायांवर डोकं ठेवलं, आणि मग पोत्यात हात घातला. तूर आतून उबट लागली. भाव सांगितला. पडेल भाव. गडी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

‘तूर चांगली हाय की गं,’ अण्णा म्हणाले. ‘वरून बघ. एक भोक न्हाई.’

मी हात पदराला पुसला. त्यांनी एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

‘कान लावलास व्हय?’ त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. प्रत्येक दिवशी आठवत होतं. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं मन हलकं होईल. उलट ते जड झालं. न कळून गप्प बसलेल्या बापाला मी कधीतरी माफ केलं असतं.

गड्याला म्हटलं, ‘माप कर.’ भाव तोच ठेवला. अण्णांनी मान हलवली आणि त्या दिवसासारखंच म्हणाले, ‘कबूल.’